बेटातला चापडा

टेंभरीच्या बायका बांबू तोडायला जंगलात जाऊ लागल्या, त्याचं हे चौथं वर्ष. जंगलाचा हक्क ग्रामसभेला मिळाला तेव्हापासून दिवाळी झाली की तोड सुरू व्हायची. काम जोडीजोडीनं. एकीनं बुंध्याशी बसून कोयत्यानं बांबू तोडायचा, दुसरीनं तो ओढून बेटाबाहेर काढायचा आणि फांद्या छाटायच्या. सत्यशीला तोडायची, संगीता ओढायची. सत्यशीला गावातल्या बौद्धवाड्यातली, चाळिशी ओलांडलेली; संगीता शेजारच्या धावजी नाईक तांड्यातली, तिच्याहून दहाबारा वर्षांनी लहान. चार वर्षांत जोडी बदलली नव्हती. तोडीवरचा मेट, म्हणजे मुकादम, मारोती हजेरी घेताना दोघींची नावं एका दमात घ्यायचा, "सत्यशीला-संगीता," जणू एकच बाई.

मंगळवारी दुपारी सत्यशीलाच्या कोयत्यापाशी हिरवी दोरीसारखी एक वस्तू सळसळत खाली आली आणि ती किंचाळली. कोयता फेकून अशी मागं पळाली की लुगड्याचा काष्टा काटेरी झुडपात अडकून फाटला आणि ती उताणी पडली. चारी बाजूंनी माणसं धावली. मारोतीनं काठीनं पाला सारला, आणि हासायलाच लागला.

"अवो वयनी, हरणटोळ हाय हा! लेकरं गळ्यात घालतात याले. याच्यासाठी सारी तोड बंद केली का तुमी?"

सगळे हासले. त्यातही संगीताचं हासू मोठं. ती हासू लागली की पोट धरून खाली बसायची. डबे सोडताना तिनं सत्यशीलाची नक्कल केली, डोळे मोठे करून, हात झाडून, "माय वो, माय वो," करत. माणसं घास तोंडात धरून हासली. सत्यशीलाही हासली. फाटलेल्या लुगड्याला तिनं काटा टोचून घेतला होता आणि उठताना तो मांडीला लागत होता.

"काकू, उद्या घरून पुंगीच आणजा," कुणीतरी म्हणालं.

घरी एकटीच होती ती. नवरा इंद्रजित यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात कामाला, शनिवारी यायचा. त्या संध्याकाळी फोनवर तिनं त्याला सापाचं सांगितलं नाही. लुगडं शिवत बसली. टाका घालताना हासणारी तोंडं एकेक करून डोळ्यांसमोर येत होती आणि शेवटी येत होती संगीता.

बुधवारी नवं बेट मिळालं. नाल्याच्या काठावर, गच्च, सावलीचं. सत्यशीला पहिल्यांदा पोचली. डब्याची पिशवी अडकवायला फांदी पाहत ती उगवतीच्या अंगाला गेली आणि हात वर नेता नेता थांबली.

खांद्याइतक्या उंचीवर, दोन बांबूंच्या बेचक्यात तो बसला होता. वेटोळं घालून, फांदीला शेपटीचा वेढा देऊन. पानांतलं एक पान असावं तसा हिरवा. पण पान जाड नसतं. हा अंगठ्याहून जाड होता. मान बारीक आणि तिच्यापुढं डोकं रुंद, खुरप्याच्या पात्यासारखं. कुशीवरून एक पिवळसर रेघ गेलेली. शेपटीचं टोक तांबूस, गंजलेल्या तारेसारखं. डोळे पिवळे, त्यात उभी काळी चीर. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खड्डा, सुईनं टोचल्यासारखा. कालचा साप तिला पाहून पळाला होता. हा हाललाच नाही. ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि तो तिच्याकडे तोंड करून नुसता होता.

हा हरणटोळ नाही, तिच्या मनानं सांगितलं.

आणि असला तर?

तिनं मागं वळून पाहिलं. माणसं येत होती. उर्वशी नावाची पोरगी काल कामावर नव्हती. संगीता तिला कालची गोष्ट सांगत होती. बोलता बोलता तिनं डोळे मोठे केले, हात झाडले, "माय वो," म्हणून दोन पावलं मागं उडी मारली. उर्वशी खिदळली. मारोती खिदळला.

सत्यशीलाच्या तोंडाशी आलेली हाक तिथंच राहिली. पिशवी तिनं खालीच ठेवली.

"आज मावळतीकडून घेऊ व," ती संगीताला म्हणाली.

"काहून? इकडून तर सोपं हाय."

"इकडं ऊन येते तोंडावर."

संगीतानं खांदे उडवले. काम सुरू झालं. सत्यशीला बुंध्याशी बसून तोडत होती आणि मनात हिशेब घालत होती: जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपण त्या अंगाला पोचत नाही, तोवर तो निघून जाईल. बेट हालतं आहे, कोयत्याचे घाव बसताहेत, कोणताही जीव असता तर निघून गेला असता. दरम्यान संगीता दूरच्या कुणाला तरी ओरडून सांगत होती, "हाव, आमची काकू! सापाले सोडून आमालेच पळवलं तिनं काल!" तेव्हा सत्यशीलाच्या मनात एक विचार आला आणि गेला. घाबरू दे हिलेबी थोडं. एवढाच. कोयत्याच्या एका घावाएवढा वेळ.

दहाच्या सुमारास एक लांब बांबू तुटला, पण खाली आला नाही. त्याचा शेंडा उगवतीकडच्या फांद्यांत अडकला. संगीतानं दोन हिसके दिले. मग बांबू सोडून ती बेटाला वळसा घालून निघाली.

"संगीता," सत्यशीला म्हणाली.

"काय?"

"सांभाळून."

"हाव ना," संगीता म्हणाली आणि पलीकडे गेली. पानं सळसळली. शेंडा सुटला, बांबू धाडकन खाली आला आणि त्याच क्षणी संगीता आईच्या नावानं ओरडली, "याडी ये!"

उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी दोन ठिपके होते. रक्ताचे दोन थेंब, चिंचोक्याएवढं अंतर. संगीता हात झाडत होती, जसा विस्तवानं भाजल्यावर झाडावा तसा. पाहता पाहता अंगठा फुगला, मग तळवा, मग काकणं रुतायला लागली. मारोतीनं दुपट्टा आवळून बांधायला घेतला तर उर्वशी ओरडली, "बांधू नोका, जंगलाच्या गार्डनं सांगतलं हाय!" काकणं फोडून काढली. रस्ता दीड किलोमीटर लांब. संगीता चार पावलं चालली आणि बसली.

सत्यशीलानं कुणाला विचारलं नाही. खाली वाकून तिला पाठीवर घेतलं. नाल्याची चढण, दगड, तोडलेल्या बांबूचे खुंट, सगळं ती एका दमात चढून गेली. संगीताचा सुजलेला हात तिच्या गळ्यावरून छातीवर लोंबत होता, गरम, जड, आणि कानाशी संगीता पुटपुटत होती, "काकू, मी मरतो का वो? माही पोरगी लहान हाय वो, काकू."

"नाही मरत," सत्यशीला म्हणत होती. "नाही मरत."

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी संगीताच्या हातावर पेनानं सुजेची हद्द आखली, काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि खिडकीच्या चौकटीत उभं करून ठेवलं. "वीस मिनिटं हलवायचं नाही. गोठतं का पाहायचं आहे. साप पाहिला का तुम्ही?"

"हिरवं हाललं काहीतरी," संगीता दातांवर दात धरून म्हणाली. "मले वाटलं पानच हाललं."

"घोणस, फुरसं या भागात जास्त. दोन्ही हिरवे नसतात, पण घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं." डॉक्टरीणबाई सत्यशीलाकडे वळल्या. "तुम्ही सोबत होतात. तुम्ही पाहिला?"

तेवढ्यात संगीताचा नवरा लखन दारात आला. कापसाच्या वावरातून तसाच आलेला, केसांत बोंडांचा पाचोळा, चप्पल एकाच पायात. बाहेर मारोतीनं त्याला सांगितलेलं असणार, कारण त्यानं आधी सत्यशीलापुढं हात जोडले. "ताई, तुमी पाठीवर आणलं म्हणते मारोतीभाऊ. तुमचे उपकार..."

"तुम्ही पाहिला का साप?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही," सत्यशीला म्हणाली.

नळीतलं रक्त वीस मिनिटांनी तिरपं केलं तेव्हा पातळच होतं. सूज पेनाची रेघ ओलांडून कोपरापर्यंत आली होती. डॉक्टरीणबाईंनी सापाचं इंजेक्शन सलाईनमधून चालू केलं. दहा मिनिटं गेली असतील. संगीता खाजवू लागली. मानेवर, पोटावर गांधी उठल्या. ओठ फुगले. मग तिला हुडहुडी भरली, खाट वाजू लागली आणि श्वासाला शिट्टी लागली. सिस्टर पळत आली. सलाईन बंद केली, मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, नाकावर ऑक्सिजन लावला. लखन भिंतीला पाठ लावून "सेवालाल बापू, सेवालाल बापू," एवढंच म्हणत होता.

श्वास जागेवर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "हे औषध तिला सोसत नाही. पुन्हा द्यायचं तर जोखीम आहे. घोणस असेल तर जोखीम घेऊनही द्यावंच लागेल. आणि घोणस नसेल तर..." त्या थांबल्या. "कोणीच पाहिला नाही का हो?"

सत्यशीलानं भिंतीकडे पाहिलं. तिथं हात धुण्याची चित्रं लावली होती.

"मी पाह्यला," ती म्हणाली.

"मघाशी तर नाही म्हणालात."

"पाह्यला. म्हंजे... पळताना पाह्यला. चावून पळत होता तवा."

"सांगा. कसा होता?"

ती सांगू लागली. हिरवा. अंगठ्याहून जाड. लांबी दोन हात. मान बारीक, डोकं खुरप्यासारखं. कुशीवर पिवळी रेघ. "शेपटीचं टोक तांबूस होतं. डोळ्यात उभी चीर होती, मांजराच्या डोळ्यात असते तशी. अन् डोळा अन् नाकाच्या मधात एक खड्डा, इथी." तिनं स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर चित्र शोधून तिच्यापुढं धरलं. "हा?"

"हाच."

"चापडा. बांबूवरचा चापडा." त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मग हे औषध मुळात याच्यावर चालतच नाही. ते चार सापांसाठी असतं, हा त्यात नाही. बरं झालं सांगितलंत. याच्यानं जीव सहसा जात नाही. रक्तावर लक्ष ठेवू, हात उंच बांधू, दुखण्याचं देऊ. हाताचं मात्र आज सांगता येत नाही." त्या कागदावर लिहू लागल्या, आणि लिहिता लिहिताच, रागानं नव्हे, म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर तिचे एवढे हाल झाले नसते."

ऑक्सिजनचं पाणी बुडबुडत होतं. लखन सत्यशीलाकडे पाहत होता. वावरात वाढलेला माणूस, सापांचं पळणं त्यानं जन्मभर पाहिलेलं.

"पळताना एवढं दिसलं, ताई?" त्यानं विचारलं.

सत्यशीलानं मान खाली घातली. "सकाळी पाह्यला," ती म्हणाली. "काम सुरू व्हायच्या आधी. बसून होता तो."

लखननं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. खाटेवर संगीताचे डोळे उघडे होते. तिनं ऐकलं होतं. ती सत्यशीलाकडे पाहत राहिली, आणि मग सावकाश तोंड भिंतीकडे केलं.

"तुमी जा आता," लखन म्हणाला. ताई म्हणाला नाही.

गावात गोष्ट तिच्याआधी पोचली. नळावर बायका बोलायच्या थांबू लागल्या. तोड बंद होती. त्या बेटाकडे जायला कुणी तयार नव्हतं. शुक्रवारी जंगलाचा गार्ड संजय आला. "साप नेमका कुठं बसला होता, थे दाखवा," तो म्हणाला. दाखवणार कोण? मारोतीनं सत्यशीलाच्या दारात येऊन खाली पाहत सांगितलं, "वयनी, चला लागंन तुमाले."

पुढं ती, मागं संजय, मारोती आणि तांड्यातली चार माणसं. तांड्यातल्या भीमसिंगच्या खांद्यावर कुऱ्हाड. बेटापाशी आल्यावर सत्यशीलानं बोट केलं.

तो तिथंच होता. जुन्या जागेपासून फार तर हातभर वर, तसाच वेटोळं घालून. आदल्या रात्री काही खाल्लं असावं. अंगाचा मधला भाग फुगलेला दिसत होता. दोन दिवसांत त्याच्या आयुष्यात दुसरं काही झालं नव्हतं.

भीमसिंगनं कुऱ्हाड उतरवली.

"थांब," संजय म्हणाला. "मारून काय भेटते? हा काही मांगं लागत नाही कोणाच्या. आठ-आठ दिवस एका जागी बसते हा. बेडूक, पाल, पाखरू जवळून गेलं तं धरते. थो खड्डा दिसते ना नाकापाशी? त्यानं त्याले ऊब कळते. अंधारातबी उंदीर कुठं हाय थे समजते. बाईचा हात जवळ आला, ऊब लागली, डसला. इतकंच." काठीच्या टोकानं त्यानं सापाला अलगद उचललं. साप काठीवर तसाच आळसावलेला लोंबला. "पिलं देते हा, अंडी नाही. नाल्याच्या वरत्या अंगाले सोडतो. खरं म्हंजे सोडाचीबी गरज नोती. कोणी पाह्यला असता अन् नुसती चिंधी बांधून बेट सोडलं असतं, तरी भागत होतं. बेटं का कमी हायेत इथी?"

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. साप घेऊन तो नाल्याकडे वळला. भीमसिंग थुंकला, सत्यशीलाच्या पायापासून जरा दूर. परतताना मारोती तिच्या बरोबरीनं चालू लागला. "तुमी मले हाक माराची होती, वयनी," तो हळूच म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि पुढं निघून गेला.

शनिवारी इंद्रजित आला. त्याला जीपमध्येच कळलं होतं. तो जेवला, हात धुतला आणि अंगणात तिच्यासमोर बसला.

"घाबरली होती का तू?"

"नाही."

"मंग? सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटली."

"कायची लाज?"

मंगळवारचं हासणं तिनं त्याला सांगितलं. ते सांगता येत होतं. बुधवारचा तो विचार, कोयत्याच्या एका घावाएवढा, तो तिनं मागं ठेवला. इंद्रजित वाट पाहत राहिला. मग उठून बैलाविना रिकाम्या पडलेल्या गोठ्याकडे गेला आणि तिथं उगाच काहीतरी आवरत बसला.

आठवड्यानं संगीता घरी आली. हात वाचला होता. अंगठ्याभोवतीची कातडी काळी पडून निघाली होती, बोटं आखडली होती. उघडतील हळूहळू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण अंगठ्याचं नक्की नाही. हे सत्यशीलाला उर्वशीकडून कळलं. आणखी चार दिवस ती जाऊ का नको करत राहिली. बाराव्या दिवशी दुपारी तांड्याकडे निघाली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. सारंच. तो विचारसुद्धा. तो सांगितल्याशिवाय माफी मागणं म्हणजे पुन्हा 'पळताना पाह्यला' म्हटल्यासारखंच, असं तिला वाटत होतं.

तांड्यातल्या बायका ओट्यांवर कापूस निवडत बसल्या होत्या. ती आली तशा त्यांच्या माना वळल्या. संगीताच्या सासूला, बसंतीबाईला, मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं. "कूण छ?" तिनं दारातून विचारलं.

"मी. सत्यशीला."

म्हातारी आत गेली.

संगीता अंगणात बाजेवर बसली होती, हात गळ्यातल्या झोळीत. वाळलेली. केस बारा दिवसांचे, तेलकट, जटा झालेले, दवाखान्याचा वास येणारे. एका हातानं तिला ते धुता येत नव्हते, आंधळ्या सासूला जमत नव्हतं, आणि नवऱ्याला हे सांगायचं कसं. चुलीवर पाण्याचा पितळी गुंड तापत होता, बाजेखाली रिठ्याचं पाणी भिजवून ठेवलेलं. तिनं बहुधा स्वतःच करून पाहायचं ठरवलं होतं.

सत्यशीला उभी राहिली. कुणी बस म्हटलं नाही.

"संगीता," तिनं सुरुवात केली. "मले तुले एक सांगाचं हाय. त्या दिवशी मी नुसती..."

"पाणी तापलं हाय," संगीता म्हणाली. तिच्याकडे न पाहता. "केस धुवून दे माहे."

सत्यशीलाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"धुवून दे म्हणतो ना. पण बोलू नोको. एक शब्द बोलू नोको."

तिनं गुंड उतरवला. पाणी विसणलं, हाताच्या पाठीवर घेऊन पाहिलं. संगीता पाटावर बसून पुढं वाकली आणि झोळीतला हात तिनं पाण्यापासून दूर धरला. सत्यशीलानं पहिला तांब्या ओतला. संगीताचं अंग शहारलं. रिठ्याचा फेस झाला, काळपट, मग करडा. जटा एकेक करून बोटांनी सोडवाव्या लागत होत्या. ओढल्यावर दुखत असणार, पण संगीता हूं की चूं करत नव्हती. मानेवर गांधींचे डाग अजून होते. सत्यशीलाचा हात तिथं आला की थांबे आणि मग पुढं जाई. ओट्यांवरच्या बायका उघड पाहत होत्या. कुणी कापूस निवडत नव्हतं.

लखनची गाडी अंगणाशी येऊन थांबली. त्यानं दोघींकडे पाहिलं. गाडीची चावी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग बायकोकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती. तो आत गेला, आणि आतून पाण्याची दुसरी बादली आणून, आवाज न करता, सत्यशीलाच्या पायापाशी ठेवली. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

तिसऱ्या वेळेला पाणी स्वच्छ निघालं. तिनं टॉवेलनं केस पुसले, बटा मोकळ्या केल्या. सांगायचं होतं ते सारं तिच्या तोंडात होतं, शब्दन् शब्द. तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते. जबडा दुखू लागला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते हनुवटीवरून खाली गळत होतं आणि ओल्या केसांत कुठं पडतं ते कळत नव्हतं.

संगीतानं डाव्या हातानं केस मागं सारले. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसली.

"जाय आता," ती म्हणाली. आणि सत्यशीला फाटकापाशी पोचली तेव्हा पाठीमागून, तशाच कोरड्या आवाजात, "पुढच्या बुधवारी धुवा लागंन पुन्हा. लवकर येजो, पाणी थंडं होते."